'शासन', 'दंड' आणि 'अधम्म' : काही शब्दांची चिकित्सा

जुलमी राज्याला नाव देणे ही प्रतिकाराची पहिली पायरी होय, असे सामान्यतः मानले जाते. ते खरेही आहे. परंतु नाव कोणते दिले जाते, यावर प्रतिकाराची दिशा ठरते, याकडे आमच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मराठीत अशा नावांची वाण नाही. १७३९ मध्ये दिल्लीत झालेल्या कत्तलीने 'नादिरशाही' हा शब्द दिला. मोगलाई, पेशवाई, झोटिंगशाही, दडपशाही हे शब्द तर रोजच्या वापरातले. यांपैकी पहिले काही शब्द जुलूम एखाद्या व्यक्तीच्या वा घराण्याच्या नावे जमा करतात. ती व्यक्ती गेली, ते घराणे बुडाले, की जुलूमही संपला असा समज त्यातून सहज होतो. 'पेशवाई' हा शब्द आम्ही वापरतो तेव्हा त्यामागे खरा इतिहास असतो. त्या राजवटीत अस्पृश्यांवर लादलेली बंधने बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात नोंदवली आहेत. परंतु १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले आणि ती बंधने घालणारा समाज मात्र राहिला. व्यक्तीवर सरकारपेक्षाही समाज अधिक जुलूम करू शकतो, हे बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात बजावले ते याचसाठी. या जुलमाला 'शाही' हा प्रत्यय लावता येत नाही, कारण त्याला शहा नसतो.

दुसरा प्रकार झाकणाऱ्या शब्दांचा. १९७५ च्या आणीबाणीला 'अनुशासनपर्व' म्हटले गेले. विनोबांचा हा शब्द सरकारने उचलून धरला. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असे विनोबांनी पुढे स्पष्ट केले. पण तोवर शब्द सत्तेच्या कामी लागला होता. पालीच्या अभ्यासकाला हे विशेष बोचते. पालीत 'सासन' म्हणजे संदेश, आज्ञा आणि मुख्यतः बुद्धाची शिकवण. 'अनुसासनी' म्हणजे उपदेश. मराठीत 'शासन' म्हणजे सरकार आणि 'शासन करणे' म्हणजे शिक्षा करणे. ज्या शब्दात शिकवण होती, त्यात शिक्षा शिरली. 'दंड' या शब्दाबाबत तिपिटकाची भूमिका अधिक स्पष्ट आहे. दंड म्हणजे काठी, आणि म्हणून शिक्षाही. चक्रवर्ती राजाचे वर्णन येते ते दंड आणि शस्त्र न वापरता धम्माने पृथ्वी जिंकणारा म्हणून.

वाईट राजासाठी पालीतला नेहमीचा शब्द 'अधम्मिक' हा आहे. कथा मराठीत सांगताना त्याच्या जागी 'जुलमी' हा शब्द सहज येतो आणि अर्थाचा संकोच होतो. जुलूम करणारा एक असतो. अधम्म खालपर्यंत झिरपतो. अंगुत्तरनिकायात राजा अधम्मिक झाला की अधिकारी, ब्राह्मण-गृहपती, नगरवासी आणि ग्रामवासी क्रमाने अधम्मिक होतात, असे सांगितले आहे.

गण्डतिन्दु जातकात हेच कथेतून येते. पंचाल राजाच्या राज्यात लोक दिवसा राजपुरुषांच्या आणि रात्री चोरांच्या तावडीत सापडलेले. करवसुलीच्या भयाने घराला काटेरी फांद्या लावून ते रानात पळतात. परतताना एका म्हाताऱ्याच्या पायात काटा मोडतो आणि तो राजाला शाप देतो. वेषांतर करून राजासह आलेला पुरोहित विचारतो, तुला दिसले नाही, यात राजाचा काय दोष? पुढे एक म्हातारी मुलींची लग्ने होत नाहीत म्हणून राजालाच दोष देते. शेवटी कावळ्यांच्या तोंडी सापडलेला बेडूकही तेच करतो. काहींना हा अतिरेक वाटेल. आमच्या मते कथेचे बळ याच अतिरेकात आहे. यातल्या कोणाजवळ राज्यशास्त्राचा शब्द नाही. काटा, मुलीचे लग्न, भूक एवढेच त्यांच्याजवळ आहे. पुरोहिताजवळ मात्र तर्क आहे. कारणे सुटी सुटी करून दाखवणे हाच सत्तेचा बचाव असतो, आणि प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्याला तो फसवू शकत नाही. म्हणूनच राजा पुरोहिताचे न ऐकता परत फिरतो आणि धम्माने राज्य करू लागतो.

यावरून आम्ही एक कसोटी सुचवतो. जो शब्द केवळ विरोधकाला चिकटतो आणि आपल्याकडे कधीच वळत नाही, तो शिवी होय, चिकित्सा नव्हे. 'पेशवाई' हा शब्द व्यासपीठावरून उच्चारणाऱ्याने आपल्या विहाराच्या समितीत एकच माणूस वर्षानुवर्षे कारभार कसा पाहतो आणि त्याला आपण 'शिस्त' का म्हणतो, हेही विचारावे. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा केवळ इतरांसाठी नव्हता. 'अधम्म' हा शब्द जन्म पाहत नाही, ध्वज पाहत नाही. तो आचरण पाहतो. आमच्या लेखनात तो परत यावा, आणि त्याचा पहिला उपयोग आम्ही स्वतःवर करावा.