रिकामी चौकट

फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे लिहिलं: पाम्स, आर्म्स, मॉम्स, काम, बॉम्ब्ज. उजवीकडे: स्वेटी, हेवी, स्पगेटी, रेडी. दहावीचा वर्ग, शेवटचा तास. मी काही बोलायच्या आधीच मागच्या बाकावर बोटं वाजायला लागली. मुलांनी गाणं ओळखलं होतं. एमिनेमचं 'लूज युवरसेल्फ', २००२ सालचं. या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं, तरीही त्यांच्या फोनमध्ये मुक्कामाला असलेलं.

त्या दिवशी मला यमक आणि अनुप्रास घ्यायचे होते. व्याख्या मुलांना पाठ असतात. उदाहरण दिलं की ती ओळींची शेवटची अक्षरं बघतात, जुळली की 'यमक' लिहितात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. सगळा व्यवहार डोळ्यांचा. कविता तोंडात येतच नाही. रसग्रहणाच्या उत्तरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद ठरलेले, आणि अलंकार त्यातल्या एकात, कविता लिहून झाल्यावर वरून घातल्यासारखा. अलंकार या शब्दानेच आपला थोडा घात केला आहे, असं मला फार वाटतं. दागिना काढून ठेवता येतो. या गाण्यातला स्वर काढून ठेवा, आतला माणूस उभा राहणार नाही.

पहिल्या कडव्यात एक तरुण रॅपच्या सामन्यात उतरायची वाट बघतो आहे. भीतीने त्याचं अंग त्याच्या ताब्यात राहिलेलं नाही. स्वेटरवर उलटीचा डाग आहे, आईने केलेल्या स्पगेटीचा. बाहेरून मात्र तो शांत दिसायचा प्रयत्न करतो. गोष्ट एवढीच. पण ती कानावर कशी पडते ते कळायला रकाने वाचावे लागतात.

डावा रकाना मोठ्याने वाचा. अमेरिकी उच्चारात 'मॉम्स' आणि 'बॉम्ब्ज'सुद्धा 'आ'कडेच झुकतात, तेव्हा सगळ्या शब्दांत जबडा खाली पडतो. उजवा रकाना वाचा. ओठ बाजूंना ताणले जातात, 'ए'वरून 'ई'वर. आता डावीकडचा एक, उजवीकडचा एक, असे आलटून पालटून म्हणा. आ, ए-ई. आ, ए-ई. जबडा उघडतो, आवळतो, पुन्हा उघडतो, पुन्हा आवळतो. पोटात ढवळायला लागलं की तोंड असंच करतं. मळमळ हा शब्द न वापरता त्याने ऐकणाऱ्याच्या जबड्यात मळमळ आणून ठेवली आहे. वर्गाने एका सुरात म्हणून पाहिलं आणि दोघातिघांनी खरोखरच तोंड वाकडं केलं. त्या क्षणी व्याख्येची गरज उरली नव्हती.

हिशोबाने पाहिलं तर इथे धड यमकही नाही. 'हेवी'तला व आणि 'रेडी'तला ड जुळत नाही. जुळले आहेत ते स्वर. आपल्याकडचं यमक व्यंजनासकट अक्षर मागतं, त्यामुळे कडक परीक्षक इथे गुण कापेल. रॅपने हा स्वरांचा मार्ग हळूहळू रुंद केला. त्याआधी बहुतेक ओळी शेवटाला जुळायच्या आणि थांबायच्या. १९८७ साली एरिक बी. आणि राकिम यांचा 'पेड इन फुल' आला. राकिम सॅक्सोफोन वाजवणारा, जॉन कोल्ट्रेनला ऐकत वाढलेला. त्याने जुळणारे आवाज ओळीच्या पोटात पसरले, ओळीचं टोक ओलांडून पुढच्या ओळीत नेले. एमिनेम त्याच रस्त्याने पुढे आलेला आहे.

"बाई, स्पगेटीच का? बर्गर का नाही?" एका मुलीने विचारलं. मला हा प्रश्न इतका आवडला की मी खडू ठेवून दिला. बर्गर उजव्या रकान्यात बसत नाही, हे तिचं तिलाच लगेच कळलं. पण तेवढ्याने भागत नाही. बर्गर विकत आणतात. स्पगेटी घरी शिजते, आई करते. मोठ्या सामन्याच्या दिवशी मुलगा आईच्या हातचं खाऊन निघतो आणि तेच अन्न अंगावर घेऊन लोकांसमोर उभा राहतो. आपल्या अलंकारांच्या यादीत स्वभावोक्ती म्हणून एक साधा, दुर्लक्षित अलंकार आहे. जे जसं आहे तसं, नेमकं सांगणं. मुलं तो नेहमी वगळतात, कारण त्यात ओळखायला काही सापडत नाही. तो डाग म्हणजे स्वभावोक्ती. तो इतका पक्का बसला की २०२१ साली एमिनेमने डेट्रॉइटमध्ये 'मॉम्स स्पगेटी' याच नावाचं खाण्याचं दुकान उघडलं.

आता पडण्याची जागा. तरुण मंचावर जातो, तोंड उघडतो आणि आवाज निघत नाही. वेळ संपते. तिथे तीन शब्द एकामागून एक येतात: रिअ‍ॅलिटी, ग्रॅव्हिटी, रॅबिट. वास्तव, गुरुत्वाकर्षण आणि तिसरं त्याचं टोपणनाव. 'एट माइल' या कर्टिस हॅन्सन यांच्या चित्रपटासाठी हे गाणं लिहिलं गेलं आणि त्यात एमिनेमने स्वतः केलेल्या नायकाला सगळे रॅबिट म्हणतात. पहिल्या दोन शब्दांचे स्वर पूर्ण जुळतात. तिसऱ्याची शेपूट तुटलेली आहे, 'ई'पर्यंत तो पोचतच नाही. वरून वस्तू सुटावी, आपटावी, तसं ते नाव त्या साखळीच्या टोकाला येऊन आपटतं. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं तेव्हा ते उभं राहतं, कवी स्वतःला तिसऱ्या माणसासारखा हाक मारून पुढे आणतो. इथेही माणूस स्वतःचंच नाव तृतीय पुरुषात घेतो, पण खाली पडताना.

पुरुषाची ही गोष्ट मुलांना सांगताना मला स्वतःलाच नव्याने दिसली. पहिल्या दोन कडव्यांत निवेदन बहुतेक 'तो' असं चालतं. ध्रुवपदात 'तू'. तिसऱ्या कडव्यात मात्र 'मी'. व्याकरणात प्रथम, द्वितीय, तृतीय असा क्रम आपण घोकतो. हा गडी तिसऱ्यापासून निघून पहिल्याशी येतो. स्वतःकडे लांबून बघण्याइतकी ज्याला स्वतःची लाज वाटते, तो अखेर 'मी' म्हणायला धजतो, आणि तो प्रवास फक्त सर्वनामांनी झाला आहे. शिवाय एक विरोधाभास सगळ्या गाण्याला व्यापून आहे: ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही त्याची कथा शब्दांच्या धबधब्यातून सांगितली जाते. मुकेपणाचं इतकं ओघवतं वर्णन मी दुसरीकडे क्वचितच ऐकलं आहे.

'फुटणे' हे क्रियापद मी वर सहज वापरलं, पण त्यावरच आमची पुढची पंधरा मिनिटं गेली. ध्रुवपदात 'ब्लो' हा शब्द आहे. इंग्रजीत त्याचा एक अर्थ एकदम नावारूपाला येणं, दुसरा हातची संधी घालवणं. गाण्यात तो पहिल्या अर्थाने येतो, पण दुसऱ्याची सावली सोडत नाही. यशाच्या आणि फजितीच्या जागेसाठी एकच शब्द. श्लेष म्हणजे शाब्दिक कोटी, एवढंच मुलांच्या डोक्यात असतं. मी विचारलं, मराठीत असा शब्द आहे का, जो चांगल्या आणि वाईट दोन्हीकडे जातो? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने म्हटलं, फुटणे. घाम फुटतो, कंठ फुटतो. पालवी फुटते, नशीब फुटतं. बिंग फुटतं, पेपर फुटतो. फळा भरून गेला.

आणखी एक गोष्ट त्यांना फार भावली. इंग्रजीत 'ऑरेंज' या शब्दाला जुळणारा शब्द नाही, असं लोक म्हणतात. एमिनेमने २०१० साली दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत ते खोडून काढलं. शब्द जरा वाकवला, त्याचे दोन तुकडे केले, की 'डोअर हिंज' त्याच्याशी बसतो. त्याच मुलाखतीत त्याने खोकी दाखवली होती, कागदांच्या चिटोऱ्यांनी भरलेली, कुठे हॉटेलच्या कागदावर, कुठे कोपऱ्यात, उभेआडवे लिहिलेले जुळणारे शब्द. दारूगोळा साठवावा तसे शब्द साठवून ठेवणारा माणूस. प्रतिभा म्हणजे काय ते मुलांना समजावताना मी आजवर जे बोलत आले त्यापेक्षा ती खोकी जास्त सांगतात.

शब्दांच्या आवाजाशी असं खेळणं आपल्याला परकं नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात एकशे आठ रामायणं रचली आणि त्यातल्या अनेकांत भाषेची एकेक अवघड अट पाळली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण: प, फ, ब, भ, म यांसारखी ओठ मिटवणारी अक्षरं वर्ज्य. मी मुलांना तोंडात खडू आडवा धरून बोलायला सांगते, म्हणजे ओठ मिटणार नाहीत. मग ती अट किती बारीक आहे ते कळतं. पंतांवर शब्दांचे खेळ केल्याचा आरोप जुना आहे आणि कुठे कुठे तो खराही आहे. पण ज्याला अक्षर तोंडात कुठे तयार होतं ते ठाऊक आहे, त्याच्या हातात कवितेचं खरं अवजार आहे.

तिसऱ्या कडव्यात एमिनेम हे अवजार दुःखावर चालवतो. 'मोनॉटनी' या शब्दाला त्याने 'गॉटन मी' जुळवला आहे. एका बाजूला एक अखंड शब्द, कंटाळवाणा, रोज तोच. दुसऱ्या बाजूला तोच आवाज फोडून दोन शब्द केलेले, आणि फोडल्यावर आतून कोण निघतं? 'मी', म्हणजे इंग्रजीतलं मला. रोजच्या रटाळपणात कोंडलेला माणूस यमकाने बाहेर काढला आहे. आपल्याकडे श्लेषाचे सभंग आणि अभंग असे दोन प्रकार सांगतात. शब्द तोडून दुसरा अर्थ निघाला तर सभंग. मी हा भेद कित्येक वर्षं शिकवला, पण तोडण्यातून माणूस बाहेर येऊ शकतो हे मला या जोडीने दाखवलं.

लगेच तो स्वतःला गोगलगायीची उपमा देतो. वरवर पाहिलं तर मंद, जागच्या जागी अडकलेला जीव. पण हा माणूस ट्रेलरमध्ये राहतो, चाकांवरच्या घरात, आणि त्या घरातून सुटायचं म्हणतो. गोगलगाय घर पाठीवर घेऊनच चालते. तिला घर सोडता येत नाही. उपमेतलं साधर्म्य शोधा, असा प्रश्न आपण विचारतो आणि मुलं एक साधर्म्य लिहून थांबतात. चांगल्या उपमेत दुसरं एक दडलेलं असतं आणि ते जास्त दुखरं असतं.

या गाण्याला २००३ साली ऑस्कर मिळालं, रॅपला मिळालेलं पहिलं. चित्रपटाच्या शेवटी मात्र नायक सामना जिंकून जल्लोषात थांबत नाही. तो कारखान्यात रात्रपाळीला परत जातो आणि त्याच्या पाठीवर हे गाणं सुरू होतं.

परकं गाणं का, मराठी रॅप का नाही, असं एका सहकाऱ्याने विचारलं. मराठीतही आज जोमाने रॅप होतो आहे आणि तो मी वर्गात घेतेच. पण परक्या भाषेत अर्थ उशिरा पोचतो, आधी आवाज पोचतो. अलंकार शिकायला तेवढा उशीर उपयोगाचा असतो.

तास संपताना मी त्यांना मात्रा मोजायचा एक सोपा मार्ग दिला. चौकटीची वही घ्या. लघु अक्षराला एक चौकट, गुरूला दोन. गाण्याचा ठेका चार-चार चौकटींवर धरा आणि दोन ओळी लिहून आणा.

पुढच्या आठवड्यात, त्या पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बोटं वाजवणाऱ्या मुलाने एक पान दिलं. धाकट्या बहिणीच्या गणिताच्या वहीतलं, कडेला वजाबाकीची गणितं. मध्ये पेन्सिलीने दोन ओळी:

आई जाते कामाला
रोज विसरते का मला

'कामाला' आणि 'का मला'. फळ्यावरच्या डाव्या रकान्यातला तो इंग्रजी 'काम' देवनागरीत लिहिल्यावर आपलं काम दिसायला लागला होता. तो याच्या डोक्यात राहिला असणार. त्याने तो शब्द फोडला आणि आतून 'मला' काढला. कुणी शिकवल्याशिवाय 'का' अशा जागी ठेवला की तो मागच्या 'विसरते'लाही प्रश्न करतो आणि पुढच्या 'मला'लाही हात लावतो.

मी चौकटी मोजल्या. पहिल्या ओळीत चौदा. दुसऱ्या ओळीत अक्षरांनी तेराच भरल्या होत्या. 'मला'तला म लघु, तिथे एक मात्रा कमी पडते. मला वाटलं चुकलाय. पण पान नीट पाहिलं तर ओळ त्यानेही चौदा चौकटींचीच आखली होती. 'का' आणि 'म' यांच्यामध्ये एक चौकट त्याने मोकळी सोडली होती आणि तिची कड पेन्सिलीने दोनदा गिरवली होती.

"म्हणून दाखव," मी म्हणाले.

त्याने बाकावर ठेका धरला. 'का'पर्यंत आला. रिकाम्या चौकटीवर नुसतं बोट वाजलं. मग 'मला'.