मला चौदाशे भाचे होतात

ज्या माणसाने एकतीस वर्षे शाळेत हेडक्लार्की केली, त्याने वेबसाईटी बनवायच्या फ्रेमवर्कचे परीक्षण लिहावे, हे टांगेवाल्याने विमानाचे परीक्षण करण्यापैकी आहे, हे मला मान्य आहे. पण टांगेवाल्यालाही एक गोष्ट कळते. गाडी वळताना आतली माणसे पडतात की नाही. मी तेवढेच पाहिले आहे.

त्याचे असे झाले. आमचा भाचा पुण्यात प्रोग्रॅमर आहे. ऐन मे महिन्यात, परभणीत चिमण्यासुद्धा घराबाहेर पडायला तयार नसतात अशा दिवसांत, तो ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणून आमच्याकडे येऊन राहिला आणि कूलरसमोर बसल्या बसल्या म्हणाला, “मामा, तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर कम्प्युटरवर चढवून देऊ का? जँगोत करतो.” या जँगोच्या सुरुवातीला इंग्रजीत एक ‘डी’ आहे. तो लिहायचा, पण म्हणायचा नाही. मी आठवडाभर ‘डिजँगो’ म्हणत होतो आणि तो आठवडाभर दुसरीकडे बघत होता.

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असे आपण म्हणतो. पण ही वस्तू या दोन्हींपैकी कुठलीच नाही. २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तिचा जन्म झाला आणि २००५ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. त्याची डाव्या हाताची दोन बोटे आगीत अधू झाली होती, तरी त्याने उरलेल्या बोटांवर नाव काढले. मीही जन्मभर दोन बोटांनी टाइप केले. पण माझे नाव कुणी कशाला दिल्याचे ऐकिवात नाही.

आता डेटाबेसकडे वळतो. एका रजिस्टराला एक ‘मॉडेल’, म्हणजे पायथॉन भाषेत त्यातल्या रकान्यांचे वर्णन लिहायचे. डेटाबेसशी त्याच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, बोलण्याचे काम जँगो करतो. कामाला हुशार, पण स्वभावाने आमच्या जुन्या शिपायासारखा. त्याला दहावीची यादी मागितली की यादी आणतो. मग प्रत्येक पोराचे गाव विचारले की दर पोरामागे एकदा कपाटाकडे जातो. चाळीस पोरे, चाळीस खेपा. “येताना गावंही घेऊन ये” असे आधी सांगितले, तर मात्र एका खेपेत सगळे आणतो. सांगावे लागते, एवढेच.

पण रजिस्टर आखून देणे ही काही कसोटी नव्हे. कोरे रजिस्टर कुणीही आखतो. भरलेल्या रजिस्टरात नवा रकाना घालायची वेळ येते, तेव्हा कारकून कळतो.

‘फेरफार’ हा शब्द आपल्याकडे फारसा सभ्य नाही. कागदपत्रांत फेरफार म्हटले की डोळ्यांपुढे पोलीस उभा राहतो. तलाठ्याच्या दप्तरात मात्र तो मोठ्या इभ्रतीचा शब्द. गाव नमुना सहा म्हणजेच फेरफार नोंदवही. जमीन विकली, वाटणी झाली, कुणी वारले, की आधी तिथे नंबर घालून नोंद पडते, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि मग सातबारा बदलतो. हाताने लिहायच्या सातबाऱ्यावर तर जुने नाव पुसत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा नंबर घालत. आजोबा कंसात गेले तरी वाचता येत.

जँगोच्या ‘मायग्रेशन’चे पुष्कळसे असेच आहे. मॉडेल बदलले की जुन्या-नव्यातला फरक तो स्वतः ओळखतो आणि नंबर घातलेली एक फाईल लिहून देतो. आपण ती वाचायची, पटली तर लागू करायची. कुठले नंबर लागू झाले याची यादी डेटाबेसातच राहते. ही सोय पूर्वी घरची नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांनी ‘साउथ’ या नावाने ती बाहेरून जोडली होती. २०१४ साली १.७ या आवृत्तीत ती घरात आली. रेल्स नावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये फेरफार आपला आपण लिहायचा असतो. इथे कारकून लिहितो आणि आपण सही करतो. न वाचता सही करणारे हेडमास्तर मी चार पाहिले, त्यामुळे हे सुख मला जरा धोक्याचेच वाटले.

आमच्या जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाला रकाना नव्हता. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे, असे त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले होते. ते आठवून भाच्याला स्फूर्ती आली आणि त्याने ‘आईचे नाव’ असा सक्तीचा रकाना घातला. जँगो अडला. म्हणाला, आधीच भरलेल्या ओळींत काय लिहू? एक, आत्ताच काहीतरी एकदा सांगा. दोन, बाहेर पडा आणि नीट ठरवून या.

“मामा, काहीतरी एक नाव द्यावं लागायलंय.”

मी आंबा खात होतो. म्हटले, “मग दे की.”

त्याने सुचेल ते, म्हणजे स्वतःच्या आईचे नाव दिले. ती माझी सख्खी बहीण. सकाळी रजिस्टर उघडले, तर १९६१ पासूनच्या सगळ्या पोरांची आई तीच. एका रात्रीत मला चौदाशे भाचे झाले. बहिणीला फोन करून सांगितले, तर ती म्हणाली, “एक होता तेवढा पुरे झाला होता.”

यात जँगोचा दोष किती? थांबून विचारले, हे त्याच्या पदरी पुण्यच. पण शहाणपणाचा पर्याय दोन नंबरला का? घाईतला माणूस एकच दाबणार. एक पायरी मागे जाताच तो रकाना चौदाशे भाच्यांसह निघून गेला, हेही खरे. पुढे रकाना रिकामा चालेल असे केले, तर नवाच वाद. मजकुराच्या रकान्यात ‘नल’ न ठेवता कोरी जागा ठेवावी, असा या घराण्याचा रिवाज आहे. मला तो पटला नाही. आईचे नाव विचारलेच नव्हते ही एक गोष्ट, आणि विचारले पण पोराला सांगता आले नाही ही दुसरी. दुसऱ्या प्रकारची पोरे मी समोर उभी पाहिली आहेत. दोघांना एकच कोरी जागा कशी पुरेल?

खरा घोटाळा नंतर झाला. ‘पालकाचे नाव’ हा रकाना ‘वडिलांचे नाव’ करायचा होता. एरवी जँगो विचारतो, “नुसते नाव बदलले का?” पण भाच्याने त्याच झटक्यात रकान्याची लांबीही वाढवली. मग त्याने विचारलेच नाही; जुना रकाना काढला आणि नवा कोरा घातला. फाईलमध्ये तसे स्वच्छ लिहिले होते, पण साहेबांनी वाचली नाही. चौदाशे पोरांचे वडील एकदम गेले. मागे जाऊन पाहिले तर रकाना परत आला, वडील आले नाहीत. आदल्या संध्याकाळची प्रत होती म्हणून निभावले.

माझा मुख्य आक्षेप हाच. सगळे नंबर आहेत, पण कंस नाही. तरीही मी या वस्तूला पहिल्या वर्गातच पास करीन, कारण काय केव्हा बदलले हे ती लपवत नाही. फक्त डेटाबेस पोस्टग्रेस घ्यावा. तिथे फेरफार मध्येच फसला तर सगळा मागे फिरतो. मायएसक्यूएलवर तो अर्धवट लटकतो आणि गुंता हाताने सोडवावा लागतो.

परवा वसमतकडचे एक गृहस्थ प्रवेश-निर्गम उतारा मागायला आले. जन्म १९६४ चा. उताऱ्यावर छापून आले, ‘वसमत, जिल्हा हिंगोली’. ते म्हणाले, “अहो, मी परभणी जिल्ह्यात जन्मलो.” बरोबरच होते. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. जातीच्या दाखल्यासाठी उतारा हवा होता, मूळ नोंदीशी त्यात एक शब्द वेगळा दिसला तर हेलपाटे त्यांना. भाच्याने तालुक्याचा जिल्हा एका ठिकाणी बदलला आणि जँगोने इमानाने तो सगळ्यांच्या जन्मापर्यंत मागे नेला. परतूरची पोरे तर १९८१ सालीच जालन्यात गेलेली; तीही जन्मतःच जालन्याची झाली होती.

मग आम्ही दोघे बसलो. ‘जन्मवेळचा जिल्हा’ असा वेगळा रकाना घातला, मूळ रजिस्टर समोर ठेवून एकेक नोंद ताडून पाहिली, आणि जुना मजकूर नव्या रकान्यात नेणारा फेरफार या वेळी भाच्याने स्वतः लिहिला. असा हाताने लिहिलेला फेरफार उलटा कसा फिरवायचा, हेही आपणच लिहायचे असते. नाही लिहिले तर जँगो मागे यायला साफ नकार देतो. मी म्हटले, तेही लिही.

“मामा, वसमत परत परभणीत येणार आहे का?”

“तू लिही.”