पाण्यावरचें बिऱ्हाड

मराठींत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत एक सूक्ष्म भेद आहे. घर म्हटलें कीं भिंती आणि उंबरा डोळ्यांपुढें येतात; बिऱ्हाड म्हटलें कीं चूल, चार भांडीं, पोरेंबाळें आणि तीं सांभाळणारी गृहिणी. घर एका जागीं राहतें. बिऱ्हाड विंचवाच्या पाठीवरही असूं शकतें. एकटा मनुष्य देशोदेशीं हिंडून आला तर त्याच्या लेखनास आपण प्रवासवर्णन म्हणतों, व तें योग्यच आहे. पण जो बायकामुलांसह आणि भांड्याकुंड्यांसह निघाला, त्याच्या ग्रंथाकडे केवळ प्रवासवर्णन म्हणून पाहून भागेल काय? आमच्या मतें भागणार नाहीं. तेथें संसारकथेची कसोटीही लावली पाहिजे.

हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला तो कॅप्टन जोशुआ स्लोकम यांच्या ‘व्हॉयेज ऑफ दि लिबर्दादे’ या 1890 सालीं प्रसिद्ध झालेल्या लहानशा इंग्रजी पुस्तकानें. स्लोकम यांचें नांव जगास ठाऊक आहे तें एका निराळ्या पराक्रमामुळें. ‘स्प्रे’ नांवाच्या नावेंतून 1895 ते 1898 या काळांत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले गृहस्थ ते हेच. पुढें 2009-10 सालीं कमांडर दिलीप दोंदे यांनीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून अशीच एकाकी प्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळविला. तेव्हां त्या परंपरेचा धागा आपल्यापर्यंतही येऊन पोंचला आहे. परंतु ‘स्प्रे’च्या आधीं 7 वर्षें स्लोकम यांनीं जो प्रवास केला, तो एकट्याचा नव्हता. तो एका संसाराचा होता.

1887 सालच्या अखेरीस स्लोकम यांचें ‘अक्विडनेक’ हें जहाज ब्राझीलच्या पारानाग्वा उपसागरांत वाळूच्या दांड्यावर चढून निकामी झालें. जहाज गेलें, त्याबरोबर भांडवलही गेलें. बरोबर दुसरी पत्नी हेट्टी, व पहिल्या पत्नीचे दोन मुलगे: थोरला व्हिक्टर 16 वर्षांचा, धाकटा गारफील्ड 7 वर्षांचा. दुसऱ्याच्या आगबोटींत उतारू होऊन मायदेशीं परतण्याऐवजीं या गृहस्थानें किनाऱ्यावरच 35 फूट लांबीची नाव बांधली. तिचीं शिडें चिनी धर्तीचीं होतीं, व तीं हेट्टीनें शिवलीं. 13 मे 1888 रोजीं नाव पाण्यांत सोडली. त्याच दिवशीं ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, म्हणून तिचें नांव ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. जूनच्या अखेरीस निघालेलें हें बिऱ्हाड बार्बाडोस बेटावर तुफानांचा हंगाम टळेपर्यंत थांबलें, पोर्तो रिकोस टेकलें, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यास लागलें. एकंदर प्रवास साडेपांच हजार मैलांचा.

प्रवासवर्णन या नात्यानें पुस्तक प्रथम प्रतीचें आहे. स्लोकम यांचें वाक्य आंखूड, विनोद कोरडा, आणि आत्मप्रौढी जवळजवळ नाहीं. लांकूड कोठून आणलें, जोड कसे बसविले, हें सांगतांना त्यांच्या लेखणीस जी गोडी येते ती सुताराच्या हाताची गोडी आहे. संकटाचें वर्णन करतांना ते स्वर चढवीत नाहींत. रियोपर्यंत एका आगबोटीनें त्यांची नाव दोर बांधून भरधांव ओढून नेली, तो प्रसंगही ते जणूं एखादी गंमत सांगावी तसा सांगतात. आमच्याकडील कित्येक प्रवासवर्णनकारांनीं हा संयम शिकण्यासारखा आहे.

पण बिऱ्हाडाची कथा म्हणून पाहूं लागलें कीं पुस्तक एकदम मुकें होतें. ‘मॅडम’ एवढ्या संबोधनावरच हेट्टीची बहुतेक बोळवण झालेली आहे. 24 व्या वर्षीं, 1886 सालीं, तिचें लग्न झालें तें थेट जहाजावर संसार मांडण्यासाठीं. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिनें जहाजावरची बंडाळी पाहिली, देवी पाहिल्या, जहाज फुटलेलें पाहिलें. शिडें तिनें उत्तम शिवलीं हें प्रशस्तिपत्र पतीनें मोकळेपणानें दिलें आहे. परंतु 35 फुटांच्या नावेंत सवतीच्या दोन मुलांची आई होऊन ती कशी राहिली, कोणाशीं बोलली, बंदरांत उतरल्यावर तिला कोण भेटलें, याविषयीं पुस्तक सांगत नाहीं. आगबोट नाव ओढीत होती तेव्हां ती व धाकटा मुलगा आगबोटीवर होतीं, थोरला बापाबरोबर नावेंत. त्या आगबोटीवरील माणसांच्या घोळक्यांत तिला काय वाटलें असेल? पुढची गोष्ट मात्र बोलकी आहे: या प्रवासानंतर ती पतीबरोबर पुन्हां दूरच्या सफरीस गेली नाहीं. ग्रंथानें जें लिहिलें नाहीं त्याचा हा अभिप्राय समजावा.

येथें कोणी म्हणेल कीं खलाशाकडून संसारचित्राची अपेक्षा करणें हा अन्याय आहे. समुद्रावर समाज असतोच कोठें? हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून नाहीं. कॅरिबियन समुद्रांत आज शिडाच्या नावांवर बारमाही राहणारीं शेकडों कुटुंबें आहेत, व त्यांचें समाजजीवन एखाद्या गल्लीसारखें दाट आहे. जून ते नोव्हेंबर हा तुफानांचा हंगाम. त्या काळांत पुष्कळशा नावा दक्षिणेकडे ग्रेनाडा व त्रिनिदाद यांच्या आश्रयास जातात, आणि खाडीखाडींतून पाण्यावरची वस्ती उभी राहते. सकाळीं बिनतारी यंत्रावर सर्वांची हजेरी व खबरबात होते. कोणास वैद्य हवा, कोणाकडे जादा दोर आहे, कोणाच्या मुलांस सोबती हवे, हें तेथेंच कळतें. मुलांचे धडे दुपारपर्यंत नावेवरच उरकतात व मग त्यांच्या टोळ्या होड्यांतून एकमेकांकडे फिरतात. दुसऱ्याच्या नावेवर एकदम पाऊल टाकूं नये, बाजूस होडी थांबवून हांक मारावी, हा तेथला उंबऱ्याचा शिष्टाचार. वारा फिरला कीं गल्ली एका आठवड्यांत मोडते, व मुलांच्या मैत्रीही तिच्याबरोबर मोडतात. आश्रय तरी कितपत पक्का? 2004 सालीं ‘आयव्हन’नें ग्रेनाडा उद्ध्वस्त केलें, 1 जुलै 2024 रोजीं ‘बेरिल’नें त्याच राज्यांतील कॅरियाकू बेटावर आश्रयास आलेल्या नावांची वाताहत केली. अशा संसारांत शेजार हा शोभेचा विषय नाहीं. जीव वांचविणारी ती वस्तु आहे. म्हणून या विषयावरच्या ग्रंथाची खरी कसोटी त्यांत किती बेटें आलीं ही नसून, शेजार कसा जुळला व कसा तुटला हें त्यानें कितपत दाखविलें, ही आहे.

आणि शेजार सांगावा तो ज्याला त्याची गरज अधिक, त्यानें. कप्तानाला दिशा दिसते. बिऱ्हाड दिसतें तें तें चालविणारीला. आपल्या वाङ्मयांत याचा पुरावा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग 1934 सालीं निघाला. रेव्हरंड टिळकांचें बिऱ्हाडही कमी फिरतें नव्हतें. नागपूर, राजनांदगांव, अहमदनगर अशीं त्याचीं बंदरें, व कप्तान केव्हां कोठें नाहींसा होईल याचा नेम नाहीं. हीच कथा टिळकांनीं लिहिली असती तर ती एका साधकाची यात्रा झाली असती. लक्ष्मीबाईंनीं लिहिली म्हणून आपल्याला शेजारणी मिळाल्या, उसनें पीठ मिळालें, भांडण मिळालें, आणि त्या सगळ्यांतून टिळकही अधिक खरे मिळाले.

तिसरा सांगणारा म्हणजे मूल. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ 1980 सालीं आलें, तेव्हां गाढवाच्या पाठीवरच्या बिऱ्हाडांतलें मूल मराठींत प्रथमच एवढ्या ठसठशीतपणें बोललें. गांवाबाहेर पाल पडलें कीं गांव आपल्याकडे कसें पाहतें, शाळा हातीं येते न येते तोंच मुक्काम कसा हलतो, हें मोठ्यांस सांगतां येत नाहीं. मुलासच तें सांगतां येतें.

मुखेडास बसून हें पुस्तक वाचतांना आणखी एक गोष्ट मनांतून जात नाहीं. ज्या बार्बाडोसच्या आश्रयास ‘लिबर्दादे’ राहिली, तें बेट गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या उसाच्या मळ्यांचें. आणि आमच्या या डोंगराळ भागांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडें निघतात तींही उसाकडेच. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, आणि पांच-सहा महिने फडाजवळच्या कोपींत संसार. तेथेंही गल्ली बसते आणि हंगाम सरतांच मोडते. तेथेंही मुलांची शाळा मधेंच सुटते. मात्र या दोन बिऱ्हाडांस एका मापानें मोजणें हा अप्रामाणिकपणा होईल. पाण्यावरच्या कुटुंबास कंटाळा आला तर तें नाव विकून परत जाऊं शकतें. कोयत्याला उचल फिटेपर्यंत परत फिरतां येत नाहीं. एकाचें हिंडणें ही हौस आहे, दुसऱ्याचें ही गरज. पण वाङ्मयाच्या दृष्टीनें दोघांची उणीव एकच: दोहोंकडे अर्धें काम करणाऱ्या स्त्रीचें नांव हिशेबाच्या वहींत क्वचितच येतें, आणि ग्रंथांत त्याहून क्वचित.

स्लोकम यांच्या पुस्तकाचें मोल यामुळें आम्ही कमी लेखतों असें नाहीं. बुडालेल्या माणसानें स्वतःच्या हातांनीं नाव बांधून बायकामुलांस घरीं आणलें, ही कथा पुन्हां पुन्हां वाचावी अशी आहे, व इंग्रजी येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ती अवश्य वाचावी. परंतु वाचतांना शिडांवरची शिवण विसरूं नये. व्हिक्टरनें पुढें 1950 सालीं बापाचें चरित्र प्रसिद्ध केलें. हेट्टीच्या हातचें असें पुस्तक आपल्यापुढें नाहीं. आमच्या वर्गांत अधूनमधून एखादी मुलगी अशी येते कीं जिचे पहिले चार-पांच हिंवाळे कोपींत गेले आहेत. तिच्या हातीं ‘लिबर्दादे’ द्यावें, त्याच्या जोडीला ‘स्मृतिचित्रें’ द्यावीं, आणि मग एक कोरी वहीही द्यावी, असें वाटतें. बिऱ्हाडाचा मराठी ग्रंथ लिहिला जायचा तर तो तेथूनच लिहिला जाईल.