इथेनॉल मिश्रणाचा आराखडा आणि साखर उद्योगाचे हितसंबंध : एक चिकित्सा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणल्यानंतर, त्याची वाट आखणारा आराखडा नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलेही गेले. अंधेरी वा मुलुंडच्या पंपावर दुचाकीत पाच लिटर पेट्रोल भरणाऱ्याच्या टाकीत आता सुमारे एक लिटर इथेनॉल जाते. हे धोरण हवामानबदलावरील उपाय म्हणून सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा महाराष्ट्रातील साखर उद्योगाच्या संदर्भात करावयाची आहे.

या मिश्रणामुळे दुचाकींच्या उत्सर्जनात ५० व चारचाकींच्या उत्सर्जनात ३० टक्के घट होते, असे आराखडा नोंदवतो. परंतु ती घट कार्बन मोनॉक्साइडची आहे. उपनगरांच्या हवेसाठी ती स्वागतार्ह खरीच. तापमानवाढीचा हिशेब मात्र प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि तो खत, उपसा सिंचन, ऊसवाहतूक व गाळप यांपासून मांडावा लागतो. पाण्याबाबत आराखडा अधिक प्रामाणिक आहे. एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल, आणि एक किलो साखरेमागे १,६०० ते २,००० लिटर पाणी, या गणिताने एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हे तो स्वतःच सांगतो. ऊस व भात मिळून सिंचनाचे ७० टक्के पाणी घेतात, म्हणून पीकरचना बदलावी, असेही म्हणतो. तरीही गरजेच्या सुमारे निम्म्या इथेनॉलचा भार तो साखर उद्योगावरच ठेवतो. ही विसंगती अनवधानाची वाटत नाही.

अमेरिकेत दबावगटांना नोंदणी करावी लागते. भारतात तसा कायदा नाही. महाराष्ट्रात तर दबावगटाने बाहेरून दार ठोठावण्याची गरजही क्वचितच पडते. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यामागे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांची निराळी दृष्टी होती. पुढे कारखान्याचा अध्यक्ष, जिल्हा बँकेचा संचालक आणि आमदार या भूमिका अनेकदा एकाच घरात आल्या. पाश्चात्त्य कृषिउद्योगांवर हवामानधोरण लांबवल्याचा आरोप होतो. येथील उद्योगाने मात्र धोरणाला विरोध न करता आपल्या अडचणीचे उत्तरच त्यात बसवून घेतले. अतिरिक्त साखर आणि थकलेली ऊसबिले ही ती अडचण. इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावरील व्याजसवलत जून २०१८ मध्ये आली, ती साखर उद्योगाच्या थकबाकीवरील पॅकेजमधून; हवामान कृतियोजनेतून नव्हे.

डिसेंबर २०२३ मधील घटनाक्रम या दृष्टीने बोलका आहे. अपुऱ्या पावसानंतर साखरेचे भाव चढतील या भीतीने केंद्राने ७ डिसेंबरला उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल बनवण्यास मनाई केली. कारखानदारांच्या विरोधानंतर १५ डिसेंबरला १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती शिथिल झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी निर्बंध उठले. साखरेचा भाव आणि कारखान्यांची गुंतवणूक, एवढ्याच दोन टोकांमध्ये ही चर्चा फिरली. उत्सर्जन हा शब्द त्यात जवळजवळ आलाच नाही.

यात ऊस उत्पादकाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या पिकाला कायद्याने किमान दर आहे आणि ज्याचा खरेदीदार ठरलेला आहे, ते पीक तो निवडणारच. तूर वा ज्वारीला तशी हमी नाही. अलीकडे मक्यापासूनचे इथेनॉल पुढे गेले आहे आणि आपला वाटा घटल्याची साखर उद्योगाची तक्रार आहे. तथापि मुळातला प्रश्न खोऱ्यांचा आहे. तुटीच्या खोऱ्यांत उसावर मर्यादा घालण्याची शिफारस डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच केली होती. आराखड्यातील २,८६० लिटरचा आकडा मात्र साऱ्या देशासाठी एकच आहे. कोल्हापूरचा ऊस आणि लातूरचा ऊस त्यात सारखेच मोजले जातात. त्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते.