शेख अब्दुल्ला : कैदी आणि जेलर

जुलै २०२५ मधला तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला श्रीनगरमधल्या एका कब्रस्तानात शिरायला भिंतीवर चढतायत आणि पोलीस त्यांना अडवतायत. मुख्यमंत्र्यांना त्यांच्याच शहरात पोलीस अडवतात, कारण केंद्रशासित प्रदेशात पोलीस त्यांच्या हाताखाली नाहीत. ते कब्रस्तान आहे १३ जुलै १९३१ ला तुरुंगाबाहेरच्या गोळीबारात मेलेल्या २२ जणांचं. या दिवसाची सरकारी सुट्टी २०२० पासून बंद झाली. त्याच फटक्यात आणखी एक सुट्टी गेली, ५ डिसेंबरची. तो ओमर यांच्या आजोबांचा, शेख मोहम्मद अब्दुल्लांचा जन्मदिवस.

या आजोबांबद्दल आपल्याकडे दोन तयार मतं मिळतात. एकात ते नेहरूंचे लाडके, देशाला फसवणारे. दुसऱ्यात ते दिल्लीने फसवलेले शेर-ए-काश्मीर. दोन्ही मतं व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करायला सोपी आहेत. माणूस समजून घ्यायचा असेल, तर त्यांच्या 'आतिश-ए-चिनार' या उर्दू आत्मचरित्रापासून सुरुवात करावी. चिनारची पानं शरद ऋतूत आग लागल्यासारखी लाल होतात, ती ही आतिश. नाव इक्बालच्या कवितेतून घेतलेलं आहे. पुस्तक शेखसाहेबांनी सांगितलं आणि मोहम्मद युसूफ टेंग यांनी शब्दबद्ध केलं. ते छापून आलं तेव्हा शेख हयात नव्हते. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सांगितलेलं पुस्तक असल्यामुळे त्याला बोलण्याचा ओघ आहे, आणि बोलणाऱ्या माणसाची एक खोडही आहे : समोरचा आपल्याच बाजूचा आहे असं गृहीत धरायचं.

यातला सगळ्यात जिवंत भाग बालपणाचा. १९०५ साली श्रीनगरजवळच्या सौरा गावात, शालींच्या धंद्यातल्या घरात, वडील गेल्यानंतर जन्मलेला मुलगा. सावत्र भावांच्या घरात उपरा. शाळेसाठी मैलोन्‌मैल पायपीट. पुढे लाहोर, मग अलीगढ, १९३० साली रसायनशास्त्राची एम.एस्सी. एवढं शिकून हाती काय, तर शाळामास्तरची नोकरी, कारण डोगरा राजवटीत वरच्या जागा काश्मिरी मुसलमानांच्या वाट्याला जवळपास येतच नसत. श्रीनगरच्या फतेह कदलमध्ये शिकलेली, चिडलेली पोरं एका वाचनालयात जमायची. तिथून राजकारण सुरू झालं. १९३२ मध्ये मुस्लिम कॉन्फरन्स निघाली, आणि १९३९ मध्ये तिचंच नाव बदलून नॅशनल कॉन्फरन्स केलं, सगळ्या धर्मांसाठी दार उघडलं. पाकिस्तानचा ठराव व्हायच्या आदल्या वर्षी मुस्लिमबहुल खोऱ्यात हे करायला छाती लागते.

नेत्यांची आत्मचरित्रं सत्ता येईपर्यंतच चांगली असतात की काय, अशी मला शंका आहे. आपल्या यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' आठवा. ते १९४६ ला थांबतं, सत्तेच्या उंबरठ्यावर, आणि म्हणूनही ते इतकं निर्मळ वाटतं. (योगायोग असा की जानेवारी १९६८ मध्ये शेख सुटले, तेव्हा देशाचे गृहमंत्री यशवंतरावच होते.) शेखसाहेबांनी उंबरठा ओलांडून पुढचंही सांगितलं. तिथून निवेदनाचा सूर बदलतो. आठवणी सांगणारा माणूस मागे सरतो आणि वकील उभा राहतो.

वकिलाकडे मुद्दे नाहीत असं नाही. १९५० चा जमीन कायदा घ्या. १८२ कनाल, म्हणजे पावणेतेवीस एकरांच्या वरची जमीन मालकाकडून काढून कसणाऱ्याला दिली आणि मालकाला भरपाई शून्य. उरलेल्या देशात जमीनदार भरपाईसाठी कोर्टात भांडत होते, त्या काळात हे घडलं. फळबागा कायद्यातून वगळल्या होत्या, ही मोठी पळवाट होती. तरी खोऱ्यातला शेतकरी या माणसावर इतकी वर्षं का जीव टाकत राहिला, याचं उत्तर भाषणांपेक्षा या सातबाऱ्यात आहे. शेखांवर टीका करणारे बहुतेक जण या कायद्याचं नावही घेत नाहीत.

पण आता १९५१ पाहू. संविधान सभेची निवडणूक, ७५ जागा. सगळ्या नॅशनल कॉन्फरन्सला, त्यातल्या ७३ बिनविरोध. जम्मूतल्या प्रजा परिषदेच्या उमेदवारांचे अर्ज घाऊक बाद झाले आणि तिने बहिष्कार टाकला. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट १९५३ च्या पहाटे, गुलमर्गला शेखांना पंतप्रधानपदावरून काढल्याचा हुकूम मिळाला आणि अटक झाली. हुकमावर सही २२ वर्षांच्या सदर-ए-रियासत करण सिंहांची. त्यांनीही 'एअर अपॅरंट' या आत्मचरित्रात आपली बाजू मांडली आहे : मंत्रिमंडळातल्या बहुमताचा विश्वास उडाला होता. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून जरूर वाचावीत. शेखांचा सवाल बिनतोड आहे, की मला सभागृहात बहुमत सिद्ध का करू दिलं नाही? फक्त हे सभागृह कसं भरलं होतं, हा सवाल वाचकाला स्वतःच विचारावा लागतो.

आणखी एक तारीख. २३ जून १९५३. परवान्याशिवाय काश्मीरमध्ये शिरलेले श्यामाप्रसाद मुखर्जी श्रीनगरमध्ये स्थानबद्ध असताना, खटल्याविना, वारले. सरकार शेखांचं होतं. त्यानंतर बरोबर ४७ दिवसांनी शेख स्वतः खटल्याविना आत गेले. मुखर्जींचे अनुयायी पहिली तारीख पाठ ठेवतात, शेखांचे दुसरी. दोन्ही वेळा कुलूप एकाच प्रकारचं होतं.

पुढची २२ वर्षं तुरुंग, नजरकैद, मध्येच सुटका, परत तुरुंग. १९६४ मध्ये नेहरूंनी सोडलं, पाकिस्तानशी बोलणी करायला जाऊ दिलं, आणि शेख तिकडे असतानाच, २७ मे रोजी, नेहरू गेले. यापेक्षा क्रूर वेळ कादंबरीकारालाही सुचली नसती. पुढच्या वर्षी परत अटक, आणि चिनारच्या माणसाला ठेवलं कुठे, तर तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालला. १९७५ मध्ये इंदिरा गांधींशी करार करून ते परतले. सार्वमताची मागणी सोडली, पंतप्रधान होते ते मुख्यमंत्री झाले, तेही काँग्रेसच्या आमदारांच्या जोरावर. याला शरणागती म्हणणारे खोऱ्यात तेव्हाही होते. मला ती दमलेल्या माणसाची तडजोड वाटते, आणि १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी ७६ पैकी ४७ जागा देऊन ती पदरात घेतली.

माफ करता येत नाही ते यानंतरचं. इतकी वर्षं आत काढलेल्या, हाती स्वच्छ बहुमत असलेल्या या नेत्याने १९७८ मध्ये पब्लिक सेफ्टी अॅक्ट आणला. कारण सांगितलं लाकडाच्या तस्करीचं. कायद्यात सोय होती, माणसाला खटल्याविना दोन वर्षांपर्यंत डांबायची. त्याच वर्षी तुरुंगापासूनचे साथी मिर्झा अफझल बेग यांनाही त्यांनी मंत्रिमंडळातून काढलं. आपल्याला आत टाकणाऱ्यांची चाल त्यांना बारकाईने कळली होती. मोडायची संधी आली, तेव्हा त्यांनी ती उचलली.

१९८२ मध्ये शेख गेले. १९९० नंतर हजारो काश्मिरी तरुण या कायद्याखाली आत गेले, नॅशनल कॉन्फरन्सच्या राजवटीतही. सप्टेंबर २०१९ मध्ये तो शेखांचे चिरंजीव फारुख यांना लागला, फेब्रुवारी २०२० मध्ये नातू ओमर यांना. २०२४ च्या जाहीरनाम्यात पक्षाने हा कायदा रद्द करायचं वचन दिलं आणि निवडणूक जिंकली. पण ओमर यांच्याकडे ना पोलीस आहेत, ना कायदा-सुव्यवस्था खातं.