तिसऱ्या जॉर्जचें वेड व पॉर्फिरिया : एका उपपत्तीची छाननी

इ. स. १७६० पासून १८२० पर्यंत इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा तिसरा जॉर्ज याचा आपल्या इतिहासाशीं संबंध दूरचा खरा, पण तुटक नव्हे. इंग्रज-मराठ्यांचीं तिन्ही युद्धें त्याच्याच कारकीर्दींत झालीं. त्याच्या स्वतःच्या देशांत मात्र त्याची आठवण राहिली ती मुख्यत्वें त्याच्या वेडामुळें. १७८८ च्या हिंवाळ्याच्या तोंडीं त्यास पहिला मोठा झटका आला. १८०१ व १८०४ सालीं पुन्हां आला. १८१० च्या अखेरीस जो आला त्यांतून तो सावरला नाहीं, आणि १८११ सालीं राज्यकारभार युवराजाच्या हातीं द्यावा लागला. हें वेड मनाचें नसून पॉर्फिरिया नांवाच्या आनुवंशिक देहविकाराचा तो परिणाम होता, असें मत आयडा मॅकॅल्पाइन व रिचर्ड हंटर या मायलेकांनीं १९६६ च्या जानेवारींत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें मांडलें. १९६८ सालीं त्यांनीं तेंच मत स्टुअर्ट, हॅनोवर व प्रशिया या तिन्ही राजघराण्यांस लागू केलें, आणि १९६९ सालीं 'जॉर्ज द थर्ड अँड द मॅड-बिझनेस' हा त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर आला. पुढें नाटकानें व चित्रपटानें ही गोष्ट इतकी सर्वतोमुखी केली कीं, ती उपपत्ति आहे, सिद्ध गोष्ट नव्हे, याचें भानही सामान्य वाचकास उरलें नाहीं.

या मताची वैद्यकीय बाजू वैद्यांनीं तपासली आहे. प्रस्तुत लेखांत तें आम्ही निराळ्या बाजूनें पाहणार आहों. ही उपपत्ति उभी आहे ती दोन प्रकारच्या साधनांवर : जुने कागद आणि वंशावळ. हीं दोन्ही आपल्या नित्य वापरांतलीं साधनें असल्यामुळें त्यांचा उपयोग कसा झाला हें सांगण्याचा आपणांस अधिकार आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत. मनुष्याच्या देहाच्या घडणीचा मजकूर त्याच्या पेशींत चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला असतो. अक्षरांची संख्या सुमारें तीनशें कोटि. त्यांतील एकेका कलमास जनुक म्हणतात. पिढी दर पिढी या मजकुराच्या नकला होत जातात, आणि नकलेंत क्वचित् अक्षर बदलतें, हेंच उत्परिवर्तन. बहुतेक बदलांनीं कांहींच बिघडत नाहीं, कांहींनीं रोग होतो, आणि एखादा बदल विशिष्ट परिस्थितींत हितकारकही ठरून प्रजेंत पसरतो. एकदां पडलेला फरक मात्र पुढील नकलांत उतरत राहतो. पोथ्या जुळविणारास हें समजावून सांगणें नको. लेखनिकानें एका ठिकाणीं ओळ गाळली कीं त्या प्रतीवरून उतरलेल्या प्रत्येक पोथींत ती गळालेलीच मिळते, आणि त्या गळतीवरूनच आपण पोथ्यांचीं कुळें लावतों. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस पोथ्यांचा वंशवृक्ष ही कल्पना नवी नाहीं. दोन्ही विद्यांचें हें साम्य केवळ आलंकारिक नव्हे : १९९८ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील एका प्रकरणाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ प्राणिशास्त्रांतील गणिती रीतीनेंच लावून दाखविली.

रक्तास तांबडा रंग देणारें हीम नांवाचें द्रव्य देहांत आठ पायऱ्यांनीं तयार होतें व प्रत्येक पायरीस एक विकर लागतें. त्यांपैकीं एखाद्याच्या जनुकांत चूक असली तर तें विकर अपुरें पडतें आणि अलीकडच्या पायऱ्यांवरील द्रव्यें देहांत साठतात. या विकारसमूहास पॉर्फिरिया म्हणतात. पोटांत असह्य शूळ, हातापायांची दुर्बलता, नाडीचा वेग, बुद्धिभ्रंश आणि लघवीचा गडद रंग हीं त्याच्या तीव्र प्रकारांचीं लक्षणें; व्हेरिगेट नांवाच्या प्रकारांत उन्हानें कातडीवर फोडही येतात. अशा रोग्याच्या प्रत्येक अपत्यास ती चूक मिळण्याचा संभव निम्मा असतो. परंतु, आणि ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार आहे, चूक मिळालेल्यांपैकीं बहुतेकांस जन्मभर झटका येतच नाहीं.

कागद आणि वंशावळ यांवरून हा रोग शोधतां येत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. शोधतां येतो, व तो शोधला गेला आहे. जेफ्री डीन हे इंग्रज वैद्य १९४७ पासून दक्षिण आफ्रिकेंत पोर्ट एलिझाबेथ येथें वैद्यकी करीत होते. शस्त्रक्रियेपूर्वी गुंगीसाठीं बार्बिट्युरेट वर्गांतील औषध दिलें असतां कांहीं गोरे रोगी लुळे पडून मरतात असें त्यांस आढळलें. हातांच्या पाठीवर व्रण असलेलीं एकाच आडनांवाचीं माणसें त्या मुलखांत इतकीं होतीं कीं, लोक त्यास 'व्हान रूयेन हात' म्हणत. डीन यांनीं शेतमळ्यांवर जाऊन घरोघर चौकशी केली, चर्चच्या नोंदवह्या चाळल्या, आणि निरनिराळीं रोगी कुटुंबें मागें नेत नेत एका जोडप्याशीं आणून मिळविलीं : केपमध्यें १६८८ सालीं विवाहबद्ध झालेले गेरिट यान्स व आरियान्ये याकोब्स. आरियान्ये ही वलंदेज कंपनीनें रॉटरडॅमहून वसाहतींत पाठविलेल्या अनाथ मुलींपैकीं एक. आपल्या दप्तरांत ज्यांस वलंदेज म्हटलें आहे त्यांच्याच जहाजांतून हें एक चुकलेलें अक्षर केपला उतरलें.

येथें त्या अक्षरानें कोणाचें कांहीं हित केलें म्हणून तें पसरलें, असें नाहीं. वसाहत लहान, आरंभीचीं कुटुंबें मोजकीं, आणि त्यांचा विस्तार मोठा. एवढ्यामुळें दक्षिण आफ्रिकेंतील गोऱ्या लोकांत सुमारें तीनशेंत एक इतकें त्याचें प्रमाण झाल्याचा अंदाज आहे. शिवाय अडीच शतकें ज्या चुकीनें फारसा घात केला नाहीं ती नवें औषध निघतांच प्राणघातक ठरली. जनुक रोग करतें म्हणजे काय, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

डीन यांचा ग्रंथ १९६३ सालीं निघाला. तेव्हां जनुकाचा मजकूर वाचण्याची सोय नव्हती. ती झाल्यावर १९९६ सालीं असें आढळलें कीं, तेथील रोग्यांपैकीं बहुतेक सर्वांत एकच फरक आहे : त्या विकराच्या ५९ व्या स्थानीं आर्जिनिनऐवजीं ट्रिप्टोफॅन येतें, व त्याचें कारण एका अक्षराची अदलाबदल. २००३ सालीं नेदरलंडमधील कांहीं कुटुंबांतही तीच चूक तिच्या भोंवतालच्या मजकुरासह जशीच्या तशी मिळाली. म्हणजे नोंदवह्यांनीं जें सांगितलें त्यास मजकुरानें दुजोरा दिला. आपल्याकडे कुलवृत्तांत पुष्कळ छापले गेले. त्यांत जन्म, विवाह व स्थलांतर यांच्या नोंदी असतात, पण मृत्यूचें कारण क्वचितच. या दृष्टीनें ते पुन्हां पाहण्यासारखे आहेत.

आतां मॅकॅल्पाइन व हंटर यांच्याकडे वळूं. त्यांचे श्रम थोर आहेत. राजाचा वैद्य सर जॉर्ज बेकर याची रोजनिशी व पुढें उपचारास आणलेल्या फ्रान्सिस विलिसच्या घराण्याचे कागद त्यांनीं बारकाईनें चाळले व पोटशूळ, दुर्बल हातपाय, बसलेला आवाज, वेगवान नाडी व अखंड बडबड यांच्या नोंदी बाहेर काढल्या. दोष आहे तो पुढचा. टिमथी पीटर्स व डी. विल्किन्सन यांनीं २०१० सालीं तेच मूळ कागद पुन्हां वाचून दाखविलें कीं, उपपत्तीस अनुकूल तेवढीं वाक्यें उचललीं गेलीं, सौम्य लक्षणांस तीव्र रूप दिलें गेलें, आणि विरुद्ध पडणाऱ्या नोंदी बाजूस राहिल्या. लघवीच्या रंगाचेंच घ्या. या रोगाची ती ठळक खूण म्हणून पुढें केली जाते. पण राजाच्या लघवीचा रंग नेहमीसारखा वा फिकट असल्याच्या नोंदी त्याच कागदांत आहेत. आणि जेथें निळसर छटा नोंदली आहे तेथें राजास दिलेल्या जेन्शियन या कडू मुळीच्या औषधाकडे पीटर्स यांनीं बोट दाखविलें आहे. तीनशें पत्रांच्या रुमालांतून दहा पत्रें निवडून छापावीं आणि उरलेल्यांत काय आहे हें सांगूं नये, असा हा प्रकार. आपल्यांतही तो होतो, म्हणूनच तो ओळखण्यास आपणांस वेळ लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. १९६६ च्या निबंधांत रोगाचा प्रकार 'तीव्र खंडित' ठरविला होता. १९६८ मध्यें तोच 'व्हेरिगेट' झाला. या दोहोंचीं जनुकें निरनिराळीं आहेत. राजाचे कागद तेच राहिले, निदान बदललें.

परंतु आमचा मुख्य आक्षेप वंशावळीविषयीं आहे. १९६८ च्या निबंधांत रोगाचें मूळ मागें स्कॉटलंडची राणी मेरी व तिचा पुत्र जेम्स यांच्यापर्यंत नेलें. जेम्सविषयींचा पुरावा वरकरणीं जोरदार आहे : त्याचा वैद्य मायेर्न यानें त्याची लघवी आलिकांते येथील मद्यासारखी लाल होत असल्याचें टिपलें आहे. परंतु जेम्सला मूतखड्याचा विकार होता, आणि खड्यानें रक्त पडूनही तोच रंग येतो. तेंही सोडूं. जेम्सपासून तिसऱ्या जॉर्जपर्यंत सहा पायऱ्या आहेत : कन्या एलिझाबेथ, तिची सोफिया, तिचा पहिला जॉर्ज, मग दुसरा जॉर्ज, मग फ्रेडरिक, मग हा. प्रत्येक पायरीस संभव निम्मा, म्हणजे जेम्सची चूक या वाटेनें जॉर्जपर्यंत येण्याचा मूळचा संभव चौसष्टांत एक. एवढ्यावरून ती आलीच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. पण केवळ वंशज आहे म्हणून ती आली असावी, असें म्हणण्याचीही सोय राहत नाहीं. मधल्या पिढ्यांत ठसठशीत लक्षणें न दिसल्यास उत्तर तयार असतें कीं, चूक होती पण झटका आला नाहीं. उलट एखाद्या राजपुत्राचें पोट दुखलें कीं तो पुराव्यांत जमा. तिसऱ्या जॉर्जला पंधरा मुलें. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पंधरा माणसांच्या पत्रव्यवहारांत पोटदुखी, अंगदुखी व उदासी यांचा उल्लेख सांपडला नाहीं तरच नवल. बोलणें व मौन दोन्ही ज्या साक्षीदाराचे एकाच पक्षास लागू केले जातात त्याच्या साक्षीस किंमत ती किती? विशेष हें कीं, ज्या डीन यांनीं केपच्या वंशावळी जुळविल्या त्यांनींच राजघराण्याची ही उपपत्ति मान्य केली नाहीं.

याच कुळांतील दुसरा रोग तुलनेस घ्यावा. व्हिक्टोरिया राणीच्या वंशांतील हिमोफिलिया कागदांवरून ओळखतां आला, कारण त्याचें लक्षण, लहानशा जखमेनें न थांबणारा रक्तस्राव, दुसऱ्या फारशा कशाशीं मिसळत नाहीं, आणि तो मातेकडून पुत्रास येतो ही रीतही ठराविक आहे. राणीचा पुत्र लिओपोल्ड (१८५३–१८८४) व पणतू रशियाचा युवराज अलेक्सी (१९०४–१९१८) यांच्याविषयीं शंका कधींच नव्हती. पुढें भारतांत येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९३८ सालींच, ही चूक राणींत किंवा तिच्या पित्याच्या बीजांत नव्यानें उत्पन्न झाली असावी, असें प्रतिपादिलें होतें. येकातेरिनबर्गजवळ सांपडलेल्या अस्थींवरून २००९ सालीं रोगाव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती चूक नेमकी वाचली, व तो हिमोफिलियाचा 'बी' प्रकार ठरला. हा 'बी' कीं 'ए' हें मात्र कोणत्याही पत्रावरून कळलें नसतें.

जॉर्जच्या बाबतींत असा प्रत्यक्ष मजकूर मिळविण्याचे यत्न झाले. रोल, वॉरेन व हंट यांनीं व्हिक्टोरियाची नात शार्लोट व तिची कन्या फेओडोरा यांच्या अस्थि तपासल्या. १९९८ सालच्या त्यांच्या 'पर्पल सीक्रेट' ग्रंथांत ती हकीकत सविस्तर आहे, पण निर्णायक पुरावा तिच्यांत नाहीं. २००५ सालीं लंडनमधील एका संग्रहांतील राजाचे म्हणून जतन केलेले केंस तपासले. त्यांत जनुकांचा मजकूर मिळाला नाहीं, सोमल मात्र विपुल मिळाला. राजास ओकारीसाठीं देत असलेल्या अँटिमनीच्या औषधांतून तो आला असावा, व त्यानें पॉर्फिरिया चाळविला गेला असावा, असा तर्क त्या संशोधकांनीं केला. मूळ रोगच सिद्ध नसतां तो कशानें चाळविला गेला हें सांगणें, म्हणजे अस्सल पत्र हातीं नसतां त्यावरील शिक्क्याचा खल करणें होय. पीटर्स यांच्या मतें राजाचें दुखणें उन्मादाचें, म्हणजे मनाच्याच रोगाचें होतें, व आज अभ्यासकांचा कल बव्हंशीं तिकडे आहे.

पॉर्फिरियाची उपपत्ति इतकी प्रिय कां झाली, याचें कारण ग्रंथांतच आहे. देहाचा रोग ठरला कीं राजा व त्याचें कुळ वेडाच्या कलंकांतून सुटतें, असा त्यांतील सूर आहे. मनाच्या रोगास कलंक मानण्याची ही जुनी समजूत दोघां मानसरोगवैद्यांच्या हातून पुन्हां दृढ व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे. तथापि विलिसनें राजास बांधून ठेवण्याचे जे उपचार केले त्यांची व त्या काळच्या वेड्यांच्या खासगी आश्रमांची जी माहिती या ग्रंथांत आहे ती अस्सल कागदांची आहे, व तेवढ्यासाठीं हा ग्रंथ संग्रहीं ठेवावा. राजाच्या आजारासंबंधींचे विंडसर येथील दप्तरांतले कागद २०१८ सालीं सर्वांस पाहण्यास खुले झाले आहेत. ते शेजारीं ठेवून तो वाचावा, आणि जेथें जेथें ग्रंथकारांनीं वाक्य तोडलें आहे तेथें तेथें पुढचें वाक्य पाहावें.