शब्दांवांचून संवाद

कांहीं ग्रंथ त्यांतील गुणांपेक्षां त्यांनीं उपस्थित केलेल्या प्रश्नामुळें वाचनीय ठरतात. केव्हिन वॉरविक यांचें ‘आय, सायबॉर्ग’ हें २००२ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मवृत्त या जातीचें आहे. त्या वेळीं ते इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठांत सायबरनेटिक्सचे प्राध्यापक होते. सायबॉर्ग म्हणजे ज्याच्या देहांत यंत्र मिसळून गेलें आहे असा मनुष्य. आणि तसें होण्याच्या ईर्षेनें पेटलेल्या संशोधकाची ही कहाणी आहे.

कहाणी विलक्षण आहे यांत शंका नाहीं. १९९८ सालीं त्यांनीं आपल्या दंडांत एक इवलेंसें यंत्र बसवून घेतलें. तें देहांत होतें तेवढे दिवस विभागाचीं दारें त्यांच्या येण्याबरोबर आपोआप उघडत. मार्च २००२ मध्यें ऑक्सफर्ड येथें शस्त्रवैद्यांनीं त्यांच्या डाव्या मनगटाजवळील मज्जातंतूंत शंभर सूक्ष्म विद्युत्सुया रोवल्या. पुढें न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं मूठ मिटली कीं इंटरनेटवरून गेलेल्या संदेशानें रेडिंगमधील यांत्रिक हात मिटे. अखेरीस पत्नीच्या हातांतहि सुया बसविण्यांत आल्या. तिनें मूठ मिटतांच पतीच्या मज्जातंतूंत स्पंदन उमटलें.

या स्पंदनावर ग्रंथकारांनीं केवढा इमला उभारला आहे! त्यांच्या मतें बोलणें हें संथ, तोकडें आणि चुकांनीं भरलेलें साधन होय. उद्यांचीं माणसें एका मेंदूंतून दुसऱ्या मेंदूंत विचारच धाडतील. येथें आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे. त्या तारेंतून गेलें काय? केवळ ठोके. ते पत्नीचे आहेत, त्यांमागें तिचें धैर्य आहे, हें पतीला कशानें कळलें? आधींच्या बोलण्यानें आणि सहवासानें. ठोका तारेनें पोंचविला. अर्थ शब्दांनीं आधींच पोंचविला होता. व्यंग्यार्थ केवळ शब्दार्थ जाणणाऱ्यास नव्हे, तर काव्याचें मर्म जाणणाऱ्यासच उमगतो, असें आनंदवर्धनानें म्हटलें आहे. ज्ञानेश्वरांनींहि पहिल्या अध्यायांत शब्दांवांचून संवाद करण्याची गोष्ट काढली आहे; परंतु ती शब्दांची आयुष्यभर उपासना केलेल्या कवीची आहे. शब्द ओलांडावयाचे तर आधीं ते जवळ असावे लागतात.

या विद्येचें खरें वरदान आम्हांस निराळ्या ठिकाणीं दिसतें. पक्षाघातानें अठरा वर्षें वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूवर कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २५३ विद्युदग्रांचा पातळ पट बसविला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें ती मिनिटास सुमारें ७८ शब्दांच्या वेगानें संगणकाद्वारें बोलूं लागली. येथें यंत्रानें शब्द हद्दपार केले नाहींत, ते परत आणून दिले. शिवाय तें तिचे मनोगत विचार वाचीत नव्हतें. बोलण्याचा तिचा प्रयत्न तेवढा ओळखीत होतें. बोलावें कीं मौन पाळावें, हा निर्णय तिचाच राहिला. ही मर्यादा पुसली गेली तर माणसाचें शेवटचें एकांतस्थान नाहींसें होईल.

दुसरा धोका याहून साधा, पण घडून गेलेला आहे. डोळ्यांतील पडद्यावर बसवावयाचें एक विद्युत्-यंत्र जगांतील साडेतीनशेंहून अधिक अंधांना मिळालें होतें. २०१९ सालीं तें बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीनें त्याचें उत्पादन थांबविलें. २०२० मध्यें ती दिवाळखोरीच्या कांठावर आली. आणि ज्यांच्या डोळ्यांत तें यंत्र होतें त्यांना दुरुस्तीसाठीं दाद मागावयास जागा उरली नाहीं. चष्मा फुटला तर दुसरा घेतां येतो. देहांत रुजलेल्या यंत्राचा धनी पाठ फिरवून गेला तर मनुष्यानें काय करावें?

देह ज्याचा, त्यांतील यंत्र कोणाचें, हा प्रश्न प्रस्तुत ग्रंथांत यावा तितका येत नाहीं. ग्रंथकारांचें धाडस मोठें आहे, कथन चटकदार आहे, आत्मप्रौढीहि थोडी नाहीं. तरी सुशिक्षित वाचकांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. शब्दांना निरोप देऊं पाहणाऱ्या ग्रंथकारांनाहि आपली बाजू मांडण्यासाठीं शब्दांचाच आश्रय करावा लागला, एवढें मात्र वाचतांना ध्यानांत असूं द्यावें.